विनीची घरगाडी

क्लूनब्रॅकच्या हद्दीत, हेनेगनांच्या शेताला वळसा घालून दलदलीकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, बार्टली मोंगन या फिरस्त्याची घोडीने ओढायची घरगाडी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत एकाच जागी उभी होती. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी एका कुंपणाच्या आडोशाला सलग तीन आठवडे काढले नव्हते, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट सामान्य नव्हे. पोलीस सायकलींवरून दोनदा येऊन त्याला पुढे सरकण्यास सांगून गेले. तिसऱ्या खेपेस शेताची मालकीण डेलिया हेनेगन स्वतः फाटकापाशी आली. वाट आमची आहे, माणूसही आमच्या ओळखीतला आहे, तेव्हा सरकारने आपल्या सायकली उचलाव्यात, असे तिने त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यानंतर ते आले नाहीत.

बार्टली पत्र्याचे काम करी. दुधाच्या चरव्या, चहाचे पेले, कंदिलांची बुडे ही त्याच्या हातची निर्मिती असून, गळक्या बादलीला नवा तळ लावण्यात त्याचा हात धरणारा त्या तीन परगण्यांत कोणी नव्हता. परंतु दुकानांतून एनॅमलची भांडी आली आणि बायका दारातूनच मान हलवू लागल्या. बनवलेल्या चरव्या गाडीखाली रचून पडू लागल्या. कलेचे दिवस संपतात तेव्हा कलावंताला कोणी तसे सांगावयास येत नाही, हे त्याला हळूहळू उमगत होते.

तो एका जागी थांबला होता तो बायकोसाठी. मार्चमध्ये विनीच्या खोकल्यातून रक्त पडू लागले आणि एप्रिलमध्ये तिला बावीस मैलांवर, तलावाकाठच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात नेण्यात आले. तेथे गेलेले माणूस परत येत नाही, असा रस्त्यावरच्या, त्याच्यासारख्या फिरस्त्या लोकांचा पिढीजात अनुभव होता. बार्टलीचा धाकटा भाऊ तेथेच गेला. मेला त्याच दिवशी इस्पितळाच्या भिंतीमागे त्याला पुरून टाकले आणि घरच्यांच्या हाती फक्त त्याची टोपी आली. परंतु आता लढाई संपून चार वर्षे लोटली होती, काही नवी सुई निघाली होती, आणि ऑगस्टमध्ये बार्टली भेटीस गेला तेव्हा डॉक्टरने त्याला बाजूला घेतले. बाई सुधारते आहे, नोव्हेंबरात तिला सोडता येईल, परंतु ती पुन्हा ओलीत झोपली तर वर्ष काढणार नाही, असे तो म्हणाला. कोरडे अंथरूण, न गळणारे छप्पर आणि धगधगती शेगडी या तीन गोष्टी असतील तरच ती बाहेर पडेल, आणि त्या आहेत की नाहीत हे पाहण्यास जिल्ह्याचा माणूस येईल. बार्टलीने टोपी हातात धरून उत्तर दिले की, साहेब, तिन्ही गोष्टी चाकांवर उभ्या आहेत.

ते खोटे नव्हते. ती घरगाडी मुळात विनीचीच होती. तिच्या बापाने ती लग्नात दिली होती, आणि गोल छपराच्या त्या गाडीत चाळीस वर्षे दोघांनी संसार केला, पाच लेकरे वाढवली, त्यांतली दोन पुरली आणि तीन समुद्रापार इंग्लंडला धाडली. डॉक्टरचे बोलणे ऐकून आल्यापासून बार्टलीने त्या गाडीवर असा काही जीव लावला, की डेलियाबाई म्हणे, एवढं तर देवळालाही कुणी रंगवत नाही. त्याने छपराला नवे मेणकापड ताणले, तळाच्या फळ्यांच्या फटी डांबराने बुजवल्या, शेगडीला नवे धुराडे स्वतः बनवून बसवले, आणि पाऊस पडेल त्या दिवशी आत बसून तो बोटाने छत चाचपी. एक थेंबही आत येत नसे.

विनीचा निरोप आणण्याचे काम सायमन डोरन करी. हा विनीचा चुलतभाऊ. पाठीवर पेटी बांधून तो सुया, बुटांच्या नाड्या, कंगवे आणि संतांच्या तसबिरी विकत फिरे. बायकांशी बोलण्यात तो एवढा पटाईत, की टक्कल पडलेल्या म्हातारीलाही त्याने दोन कंगवे विकल्याचे लोक सांगत. इस्पितळ त्याच्या वाटेवर होते. द्वारपाल त्याला आत घेत नसे, म्हणून तो मागच्या रस्त्यावरच्या भिंतीवरून डोकावी. आजाऱ्यांच्या खाटा मोकळ्या हवेसाठी लांब ओसरीत मांडलेल्या असत. विनीची खाट तिसऱ्या खांबाशी होती. ती हात हलवी, काही ओरडून सांगे, आणि पंधरा दिवसांनी ते शब्द बार्टलीपर्यंत येत. घोडी ऑक्टोबरात लंगडी झाल्यामुळे त्याचे स्वतःचे जाणे थांबले होते.

संत ल्यूकच्या दिवशी, म्हणजे अठरा ऑक्टोबरला, मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास सायमन आला तो न बोलता आला. हीच गोष्ट बार्टलीला प्रथम खटकली. पेटी खाली न ठेवताच तो कुंपणाशी बसला. बार्टलीने हातातली कातर बाजूला ठेवली.

"काल गेलो होतो," सायमन म्हणाला. "तिची खाट उघडी होती बघ. नुसत्या लोखंडी पट्ट्या. दोघं गडी तिची गादी आणि उशी मागल्या अंगणात घेऊन गेले, तिची ती तुकड्यांची गोधडी पण. जाळली त्यांनी. माझ्या डोळ्यांदेखत जाळली."

"कुणाला विचारलंस?"

"काय विचारू, बार्टली? गोधडी जळताना बघितली मी."

बार्टलीलाही त्यावर विचारण्यासारखे काही दिसेना, आणि येथेच वाचकाने त्या दोघांना हसू नये. त्यांच्या लोकांत जित्या माणसाचे अंथरूण कोणी जाळीत नाही. तसे करणे म्हणजे मृत्यूला नाव घेऊन हाक मारणे होय. शत्रूचीही चादर कोणी विस्तवावर धरणार नाही. अंथरुणाला अग्नी लागला याचा त्यांच्या जगात एकच अर्थ होतो, आणि तो इतका पक्का आहे, की दुसरा अर्थ असू शकतो हे त्यांच्या मनात येण्यास जागाच नव्हती. सायमनने तेथेच रस्त्यावर गुडघे टेकून जपमाळेचे एक आवर्तन केले होते, वाटेत भेटलेल्या आपल्या लोकांच्या दोन तळांवर बातमी सांगितली होती, आणि रातोरात चालत तो आला होता.

मेलेल्याची गाडी पुढचा सूर्य मावळण्याच्या आत जाळावी असा मोंगनांचा नियम होता. गाडी उभी राहिली तर जीव परत येऊन आपल्या वस्तू शोधीत बसतो आणि त्याला पुढची वाट सापडत नाही. एक सूर्य वाटेतच मावळून गेला होता. दुसरा मावळू देणे बार्टलीला शक्य नव्हते.

डेलियाबाई धावत आली ती धूर दिसण्यापूर्वीच, कारण बार्टली गाडीतल्या कपबशा काढून दगडावर एकेक फोडीत होता आणि तो आवाज तिच्या अंगणात गेला होता. तिने त्याचे मनगट धरले. आधी खात्री तरी करावी, थेडी शुक्रवारी जनावरांच्या बाजाराला त्याच बाजूस जाणार आहे, तो इस्पितळात विचारून येईल, तोवर गाडी राहू द्यावी, असे तिने परोपरीने विनवले. थेडी म्हणजे तिचा नवरा.

"मालकीणबाई, शुक्रवारपर्यंत ती कुठं उभी राहील?" बार्टलीने विचारले.

"कोण?"

"विनी."

डेलियाबाईने त्याचे मनगट सोडले आणि ती म्हणाली, "अरे बाबा, हिवाळा तोंडावर आलाय. तू कुठं झोपशील ते तरी बघ."

"माझं काय, मी जिता आहे."

बाराच्या सुमारास त्याने घोडी लांब नेऊन बांधली. विनीचे कपडे, तिची खुर्ची, तिचे आरशाचे कपाट आणि लग्नातली चादर आत ठेवली, आणि गाडीच्या चारी बाजूंनी टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणमातीच्या, विटा रचून त्यांना आग लावली. सायमन मोठ्याने प्रार्थना म्हणत होता आणि मध्येच त्याचा आवाज फुटत होता. नव्या मेणकापडाने क्षणात पेट घेतला. डांबर त्याने इतके निगुतीने भरले होते, की तळ शेवटपर्यंत जळत राहिला. शेवटी धुराडे वाकले आणि राखेत पडले. बार्टलीने टोपी काढली होती ती संध्याकाळपर्यंत डोक्यावर घातली नाही. आपण बायकोचे जे देणे लागत होतो ते पुरते झाले, एवढेच समाधान त्याच्या मनाला होते, आणि मनुष्य दुःखात असता समाधानाचा एक कणही त्याला पुरतो.

शुक्रवारी थेडी हेनेगन बाजाराहून परतला. तो घरी न जाता सरळ वाटेच्या तोंडाशी आला आणि त्याने गाडा थांबवला. मग खाली उतरून, घोड्याचा लगाम उगाच तपासत, त्याने सांगितले. विनी जिवंत होती. ती इतकी सुधारली होती की तिला ओसरीतल्या आजाऱ्यांतून काढून पुढच्या बऱ्या होणाऱ्यांच्या दालनात नेले होते. ओसरीतून हलवलेल्याचे अंथरूण जाळायचे, नवे द्यायचे, असा तेथला नियम आहे, रोग मागे राहू नये म्हणून. विनी त्याच्याशी स्वतः बोलली होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी गाडी घेऊन ये, घोडी बरी नसेल तर कुणाची मागून आण, असा तिचा निरोप होता.

सायमन तेव्हा तेथेच होता. तो चार पावले मागे सरला आणि कुंपणातल्या काट्यांना टेकून उभा राहिला. काटे त्याला लागत असावेत, पण तो हलला नाही. शेवटी त्याने पाठीवरची पेटी उतरवून बार्टलीच्या पायांपाशी ठेवली आणि ती सगळी घे, मला आता विकायचं तोंड उरलं नाही, असे तो म्हणाला. बार्टलीने पेटी उचलून पुन्हा त्याच्या पाठीवर चढवली आणि पट्टा नीट बांधून दिला.

"तू बघितलंस ते खरंच होतं, सायमन. मी असतो तर मीही तेच बघितलं असतं."

सायमन गेला. त्यानंतर तो त्या बाजूस फिरकला नाही.

आता बार्टलीपुढे तेवीस दिवस होते आणि त्या अवधीत त्याला एक कोरडे छप्पर उभे करावयाचे होते. नवी घरगाडी हा विचारच व्यर्थ होता. चाकेसुद्धा त्याच्या ऐपतीपलीकडची होती. आपल्या लोकांकडे जाणे त्याला धजवेना, कारण ते तिच्या नावाने मेणबत्त्या लावून मोकळे झाले होते. म्हणून ज्या गोष्टीकडे मोंगनांनी पिढ्यान्पिढ्या पाठ फिरवली, तीच मागण्यास तो दारोदार निघाला. जवळपासच्या चार घरी त्याने एका हिवाळ्यापुरती एखादी खोली, पडवी, काहीही मागितले. पहिल्या घरी त्याला चहा मिळाला. दुसऱ्या घरी चहा आणि लोणी लावलेला पाव मिळाला. तिसऱ्या घरच्या बाईने आजाराचे नाव ऐकताच खालचे अर्धे दार लावून घेतले आणि ती वरच्या अर्ध्यातून बोलली. चौथ्या घरचा म्हातारा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "अरे बार्टली, तू दारात आलास की आम्हाला बरं वाटतं, कारण तू जाणार हे ठाऊक असतं." गावच्या पाद्र्याने सहानुभूतीने ऐकून घेतले आणि सरकारी घरे गावच्या यादीतल्या लोकांसाठी असतात असे समजावून सांगितले. त्या यादीत नाव कसे घालतात, असे बार्टलीने विचारले. घर असले की घालतात, असे उत्तर मिळाले.

अखेर डेलियाबाईनेच आपला वासरांचा गोठा दिला. थेडीने दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच वासरे हलवली. गोठा दगडी होता, छप्पर चांगले होते, परंतु भिंती खालपासून कमरेपर्यंत ओल धरून होत्या. तेव्हा बार्टलीने जे केले ते फक्त पत्र्याच्या कारागिरालाच सुचले असते. न खपलेल्या सगळ्या चरव्या, पेले आणि डबे त्याने बाहेर काढले, त्यांच्या कडा कापल्या, एकेक ठोकून सपाट केले, आणि ते पत्रे भिंतींना खिळून, सांधे झाळून, जमिनीपासून आढ्यापर्यंत आतून सगळा गोठा मढवून टाकला. त्याच्या दोन वर्षांच्या श्रमाच्या चरव्या त्या भिंतींवर गेल्या. थेडी आत येऊन सभोवार पाहून म्हणाला, "आत शिरलं की आपण दुधात पडलो असं वाटतंय." बार्टली कितीतरी दिवसांनी हसला. त्याने पलंग केला, नवा पेंढा भरला, शेगडी मांडली. आता ओल आत येण्याचा प्रश्नच नाही, असे त्याला वाटले, आणि पाहणाऱ्या कोणालाही तसेच वाटले असते.

जिल्ह्याचा माणूस ठरल्या दिवशी दुपारी आला. तो तरुण, सभ्य आणि थोडा सर्दी झालेला होता. त्याला ऊब मिळावी, सगळे किती सुखाचे आहे हे कळावे, म्हणून बार्टलीने पहाटेपासून शेगडी धगधगती ठेवली होती. माणूस आत आला, पत्र्यांकडे पाहून त्याने खरोखर मनापासून कौतुक केले, आणि मग भिंतीवर हात ठेवला. हात ओला झाला. त्याने दुसरीकडे ठेवला. तेथेही तेच. मागे गार दगड, पुढे शेगडीची धग, आणि मध्ये पत्रा. त्या पत्र्याला घाम फुटला होता. सांध्यासांध्यांतून पाण्याच्या बारीक धारा उतरत होत्या आणि पलंगाच्या उशाचा पेंढा भिजून काळा पडला होता. चाळीस वर्षे पत्रा हाताळलेल्या माणसाला पत्रा घामेजतो हे ठाऊक नव्हते असे नाही. गार सकाळी चहाच्या पेल्यावर त्याने ते हजारदा पाहिले होते. परंतु माणूस आशेने काम करीत असता आपले ज्ञान बाजूला ठेवतो.

तरुणाने हात रुमालाला पुसले. मला वाईट वाटते, असे तो दोनदा म्हणाला, आणि कागदावर एक ओळ लिहून निघून गेला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी बार्टली बावीस मैल पायी गेला. पहाटे अंधारात निघालेला तो दुपारी पोहोचला. विनीला कसे सांगावे हे त्याने वाटभर मनाशी घोकले होते. पहिल्या दहा मैलांत त्याने तीन निराळी भाषणे रचली आणि उरलेल्या बारांत तिन्ही विसरला.

ती पुढल्या दालनात, दाराजवळच्या बाकावर बसली होती. अंगात इस्पितळातल्या कुणाचा तरी जुना कोट होता, पायांशी एक लहान गाठोडे होते. ती अंगाने भरली होती. गाल वर आले होते, केस धुऊन विंचरलेले होते. लग्नाच्या दिवशीही ती इतकी निरोगी दिसली नव्हती, हा विचार त्याच्या मनात आला.

"गाडी कुठं उभी केलीस? दारापर्यंत आणायची की, ते काही बोलत नाहीत," ती म्हणाली.

"गाडी नाही, विनी."

"विकलीस?"

"जाळली."

रस्त्यावरच्या बाईला यापुढे काही फोडून सांगावे लागत नाही. बाजूने एक सिस्टर चादरी घेऊन गेली. मग विनीने विचारले, "कधी मेले मी?"

"संत ल्यूकच्या दिवशी कळलं. सायमननं गोधडी जळताना पाहिली."

"हां," ती म्हणाली. "मी ओरडले होते त्यांच्यावर, ती जाळू नका म्हणून. मला वाटलंच होतं काहीतरी वाईट होणार. पण मला वाटलं, मी मरेन." ती थांबली. "आणि कपबशा?"

"फोडल्या."

"साऱ्या?"

"साऱ्या."

"आईची सोनेरी काठाची?"

"ती सगळ्यात आधी."

तिच्या तोंडावर हसू आले. "कधीची फोडायची होती तुला ती. रडलास का?"

"सायमन जास्त रडला."

"तो मेला कंगवा तुटला तरी रडतो." तिने हात पुढे करून त्याच्या कोटाच्या बाहीवरचे डांबर नखाने खरवडले. "नीट केलंस. बाईला मेल्यावर कळत नाही, आपल्या माणसानं आपलं काय केलं ते. मला कळलं. किती जणींना कळतं?"

मग बार्टलीने गोठ्याचे सांगितले, जिल्ह्याच्या माणसाचे सांगितले, आणि शेवटी बावीस मैलांच्या चालीत जे एक त्याच्या डोक्यात टिकून राहिले होते ते सांगितले. हेझल झुडपाच्या लवचिक काठ्या वाकवून तंबू करू, त्यावर गोणपाट दुहेरी, नव्हे तिहेरी घालू, खाली हातभर पेंढा पसरू, आणि विस्तव मी रात्रभर जागून सांभाळीन. तू आपल्या पायांनी दारातून बाहेर पडलीस तर तुला कोणी बांधून ठेवू शकत नाही. तो घाईघाईने बोलत होता, आणि आपण दारातल्या गिऱ्हाइकाशी बोलावे तसे बोलत आहोत हे त्याच्या ध्यानात येत होते.

विनीने पायांकडे पाहिले. पायांत इस्पितळातले लोकरी जोडे होते.

"पन्नास वर्षं मी ओलीत झोपले, बार्टली. तेव्हा कोरडं काय असतं ते ठाऊक नव्हतं, म्हणून झोपले. गाडी असती तर आत्ता आले असते, अशीच, एका पायावर. पण तंबूत नाही येणार." तिचा आवाज खाली गेला. "मला मरायचं नाहीये. तुझ्यापाशी बोलायला लाज वाटते, पण नाहीच मरायचं."

त्याने मान हलवली. तिला लाज वाटावी असे त्यात काही नाही हे त्याला ठाऊक होते, आणि तंबूचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

घर नसलेल्या बऱ्या झालेल्यांना येथून जिल्ह्याच्या निराधारगृहात पाठवतात, असे तिने सांगितले. तेथे म्हाताऱ्या बाया भिंतीशी ओळीने बसून असतात, पण भिंत कोरडी असते. दर रविवारी मी तेथे येईन, असे बार्टली म्हणाला. तिने गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"सायमननं वाटेत किती तळांवर सांगितलं?"

"दोन. म्हणजे आता सगळ्यांवर पोचलं असणार."

"मग तसंच राहू दे."

त्याला कळले नाही, किंवा कळूनही त्याने कळून घेतले नाही. तेव्हा तिने समजावून सांगितले, एखाद्या मुलाला सांगावे तसे. "जित्या बायकोची गाडी जाळलेला माणूस म्हणून तू फिरलास तर तुझ्या विस्तवाशी कोण बसेल? बायका पोरांना आत ओढतील. तुझी सावली घोड्यावर पडू देणार नाहीत. बायको मेलेला म्हातारा असलास तर प्रत्येक तळावर तुला वाडगाभर रस्सा आहे आणि झोपायला गाडीखाली जागा आहे. हिवाळा आहे, बार्टली. हेनेगनांचं सोड, आपल्यातलं कोण त्यांना विचारायला जातंय. आणि सायमन तोंड उघडणार नाही."

"पण येईन तर खरं मी."

"येशील आणि एक दिवस कुणीतरी तुला त्या दारातून बाहेर पडताना बघेल. येऊ नकोस."

"आणि तू?"

"मी कोरडी आहे," ती म्हणाली.

सिस्टरने येऊन, बाई निघणार की राहणार, असे विचारले. विनीने राहणार म्हणून सांगितले, गाठोडे उचलले आणि ती दालनातून आत गेली. तिची चाल पूर्वीपेक्षा पुष्कळ सरळ झाली होती. वळणावर तिने मागे पाहिले नाही, हे तिने मुद्दाम केले हे त्याला समजले.

इस्पितळापासून तीन-चार मैलांवर, पूल ओलांडल्यावर, समोरून दोन गाड्या आल्या. पुढल्या गाडीवर ब्रिजी शेरलॉक लगाम धरून बसली होती आणि तिचा नवरा शेजारी चालत होता. शेरलॉक मंडळी मोंगनांच्या सोयरिकीतली. बार्टलीला ओळखताच नवऱ्याने टोपी काढली आणि गाडी थांबली. मागल्या गाडीतली पोरे गप्प झाली.

ब्रिजी खाली उतरली आणि तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "आम्हाला परवा कळलं रे, दादा. फार वाईट झालं. तिच्यासारखी बाई नव्हती रस्त्यावर."

बार्टली उभा होता. मागे वळून पाहिले असते तर तलावाच्या पलीकडे इस्पितळाचे छप्पर तेथून दिसत होते.

"फार हाल झाले का तिचे?" ब्रिजीने विचारले.

"नाही," बार्टली म्हणाला. "शेवटी कोरड्या अंथरुणात होती."

"देवाची कृपा. आणि सगळं रीतसर झालं ना?"

"झालं. सगळं जाळलं."

तिने छातीवर क्रूस काढला, नवऱ्यानेही काढला. मग गाडीतल्या सामानावरची दोन पोती बाजूला सारून त्याला बसण्यास जागा करून देण्यात आली. आज तो त्यांच्याच तळावर जेवेल, त्याबद्दल बोलणे नको, असे ब्रिजीने ठरवून टाकले. बार्टली वर चढला. घोडा चालू लागला, आणि पोरांपैकी एकीने, आईने शिकवल्याप्रमाणे, त्याच्या बायकोच्या आत्म्यासाठी हलक्या आवाजात प्रार्थना म्हणण्यास सुरुवात केली. बार्टलीने टोपी काढली आणि तीही तिच्यामागून म्हटली.